सोळा ओळी जास्त

माझ्या सासूबाईंनी पाठवणीचे अकरा स्वेटर विणले होते. नात असो, नातू असो, पुतणीचं मूल असो, घरातली बाळंतीण आपलं मूल घेऊन सासरी निघाली की त्या मुलाच्या अंगात त्यांच्या हातचा स्वेटर असायचा. हे त्यांनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण विचारलं तर अकराही मुलं क्रमानं सांगायच्या, रंगासकट. माझी मुलगी त्यातली पाचवी. तिचा स्वेटर मोरपंखी होता आणि तो अजून आमच्या कपाटात आहे.

आता त्याच मुलीला मुलगी झाली होती. बाराव्या स्वेटरची वेळ आली तेव्हा सासूबाईंची नजर गेली होती. अगदी अंधार नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला झालं, ते नीट झालं, पण साखरेनं मागचा पडदा खराब केला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही, असं त्या सांगायच्या. दौंडच्या घरी मेहुण्याकडं त्यांनी विणायच्या सुया शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. हे मला बायकोनं सांगितलं. ज्या घरात वर्षभर सुयांचा टिकटिक आवाज असायचा, तिथून त्या दुसऱ्याला देऊन टाकणं म्हणजे काय, ते मला कळलं.

मी शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पत्र्याचे भाग येतात, ते मापायचे, मापात नसतील ते बाजूला काढायचे. सव्वीस वर्षं हेच काम केल्यामुळे मला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी वाटत नाही. घरात यावरून चेष्टा होते. होऊ दे.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडं आली तेव्हाच मी म्हणत होतो की धागा आधी आणून ठेवू, म्हणजे वेळ मिळेल. बायकोनं मला गप्प केलं. आमच्यात मूल जन्मायच्या आधी त्याचं काही आणत नाहीत. बारसं झाल्यावर सासूबाईंना दौंडहून आणलं. त्यांनी पणतीला मांडीवर घेतलं, बोटांनी तिचं कपाळ, नाक, हनुवटी चाचपली आणि म्हणाल्या, नाक आमच्याकडचं नाही. सगळे हसले. मग त्यांनी बाळाची छाती वितीनं मोजली. एकदा नाही, दोनदा. त्या वितीवरून मला कळलं की त्यांच्या मनात काय आहे.

लोकर चालणार नव्हती. कुणीतरी भेट दिलेलं लोकरीचं टोपरं घातल्यावर बाळाच्या कपाळावर पुरळ उठलं होतं आणि डॉक्टरांनी सहा महिने लोकर अंगाला लावू नका म्हणून सांगितलं होतं. मुलीनं मोबाइलवरून धागा मागवला, निम्मा सुती आणि निम्मा अॅक्रिलिक. फिकट पिवळा, शेवंतीसारखा. शिरूरच्या दुकानात तसला मिळत नव्हता. सहा गुंडे आले. प्रत्येक पन्नास ग्रॅमचा लिहिला होता. मी वजन केलं, एक एकोणपन्नास भरला.

बायको विणते, पण आईइतकं नाही. ती आईला म्हणाली, पाठ आणि बाह्या मी करते, पुढचे दोन भाग तू कर, नाहीतर फक्त गळा तू कर. मुलगी म्हणाली, आजी, दोन ओळी विण आणि नाव तुझं लाव. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दारातच होतो, हे त्यांना माहीत नसावं, नाहीतर त्या बोलल्या नसत्या.

"एक टाका दुसऱ्याचा पडला तरी तो माझा न्हाई," त्या म्हणाल्या. "मग अकराच झाले म्हनायचं. तसं म्हना, मला काय वाईट वाटायचं न्हाई."

वाईट वाटणार होतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बाळालासुद्धा कळलं असेल.

बाळ सव्वातीन महिन्यांचं झालं की पाठवणी, असं ठरलं होतं. जावई शिक्रापूरला खोली घेऊन राहतात, त्यांची आई तिथंच असते. शिरूरहून शिक्रापूर म्हणजे फार लांब नाही, ट्रक आडवे आले नाहीत तर पाऊण तास. पण पाठवणी ती पाठवणीच. मी वहीत हिशोब मांडला. पाठ ब्याण्णव ओळी, पुढचे दोन भाग प्रत्येकी ब्याण्णव, बाह्या प्रत्येकी अठ्ठेचाळीस. एकूण तीनशे बहात्तर. दिवसाला बारा ओळी धरल्या तर एकतीस दिवस. हातात पंचेचाळीस होते. सगळ्या ओळी सुलट टाक्याच्याच घालायच्या, म्हणजे उलट-सुलट बघायची भानगड नाही. हे मी बायकोला सांगितलं, तिनं आईला सांगितलं. मी सरळ सासूबाईंशी बोललो नाही, कारण आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मी घरात शिरलो की सासूबाई उठून उभ्या राहायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि आत जायच्या. मी त्यांना मामी म्हणतो, त्या मला जावईबापू म्हणतात. बरं हाय का, जेवलात का, गाडी मिळाली का, यापलीकडं आम्ही एकमेकांशी फार बोललो नव्हतो. त्यात राग नव्हता, उलट मानच होता. सासरे रेल्वेत पॉइंट्समन होते, दौंडच्या कॉलनीत तिथल्या बायका एकमेकींकडून विणकाम शिकल्या. कुणी एक गार्डची बायको होती, तिनं सासूबाईंना पहिला टाका घालून दिला. सासरे ड्यूटीवरून यायची वाट बघताना विणायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. तिथं त्यांची चांगलीच जरब होती म्हणतात. माझ्यासमोर मात्र त्या हळू बोलायच्या.

पहिला आठवडा वाया गेला. बायकोच्या दहा नंबरच्या स्टीलच्या सुया होत्या. लोकरीला केस असतात, ती सुईला धरून राहते. हा धागा गुळगुळीत. टाके सुईवरून सुटून खाली पडायचे आणि सासूबाईंना ते पडलेले कळायचे नाहीत. दुसरी अडचण म्हणजे धाग्याचे पदर सैल होते, सुई मधूनच घुसायची. चार दिवसांत अठरा ओळी झाल्या आणि त्या उसवून टाकल्या. पाचव्या दिवशी त्यांनी सुया पिशवीत घातल्या. मी कामावरून आलो तर त्या अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. ज्यांना खडा दिसत नाही त्या तांदूळ निवडत होत्या.

स्टील घसरतं तर स्टील बदलायचं. मी बाजारात बुरुडाकडून वाळलेल्या बांबूच्या चार काड्या आणल्या, आणि दोन सुट्ट्यांच्या सकाळी पॉलिश पेपरनं घासत बसलो. माझ्याकडं जाडी मापायचा जुना व्हर्नियर आहे. स्टीलची सुई सव्वातीन मिलिमीटर होती. बांबूच्या दोन काड्या मी घासून तेवढ्याच जाडीच्या केल्या. टोक फार धारदार ठेवलं नाही, म्हणजे धाग्यात घुसणार नाही. मागच्या बाजूला बायकोच्या जुन्या ब्लाऊजची बटणं चिकटवली. बायको म्हणाली, एवढी मेहनत माझ्या लाटण्यावर घेतली असती तर.

सुया सासूबाईंच्या हातात दिल्या तेव्हा त्यांनी त्या गालावर फिरवून पाहिल्या. संध्याकाळी बारा ओळी झालेल्या होत्या.

मग प्रश्न आला मोजण्याचा. टाके त्या बोटांनी मोजायच्या, त्यात चूक व्हायची नाही. पण ओळी किती झाल्या, पाठ आणि पुढचे भाग सारखे होतील का, हे पूर्वी त्या भाग एकमेकांवर ठेवून नजरेनं जुळवायच्या. आता ती नजर नव्हती. पुढचे भाग खालीवर झाले तर लोक म्हणतील म्हातारीला दिसत नव्हतं, एवढीच त्यांना भीती होती, असं बायको म्हणाली. तेव्हा मी म्हणालो, मोजणं माझ्याकडं. मोजलं म्हणजे काही टाका घातला नाही.

माझी पहिली पाळी असली की कंपनीची बस सव्वाचारला सोडते. हातपाय धुऊन, चहा घेऊन साडेचारला मी पुढच्या खोलीत बसायचो, वही घेऊन. सासूबाई सतरंजीवर. पहिल्या दिवशी त्या मी आल्यावर उठल्या आणि गुंडा घरंगळत दिवाणाखाली गेला. मी म्हणालो, मामी, तुम्ही अशा उठत राहिलात तर बारा महिने लागतील. दुसऱ्या दिवसापासून उठल्या नाहीत, पदर मात्र घ्यायच्या. ओळ संपली, काम फिरवलं की त्या "हं" म्हणायच्या आणि मी एक रेघ मारायचो. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. कारखान्यात आम्ही तशाच मारतो. पाठ झाली, उजवा भाग झाला, दोन्ही बाह्या झाल्या. दोन्ही वेळा ब्याण्णव, दोन्ही वेळा अठ्ठेचाळीस. माझा मला अभिमान वाटत होता.

डाव्या भागाच्या चोवीस ओळी झाल्या आणि माझी दुसरी पाळी लागली. दुपारी अडीचला घरातून निघायचं, परतायला मध्यरात्र. म्हणून सासूबाई संध्याकाळी एकट्या विणायच्या आणि मी सकाळी विणलेल्या कापडावरून मोजायचो. सुलट-सुलट विणलं की आडव्या उंच रेघा उठतात, त्या स्पष्ट दिसतात. तीन दिवसांत सोळा रेघा वाढल्या. मी वहीत लिहिलं, सोळा. चोवीस आणि सोळा, चाळीस. काखेचा उतार छप्पन्नला सुरू होतो. म्हणजे अजून सोळा.

ज्यांना विणता येतं त्यांना चूक इथंच कळली असेल. एक रेघ दोन ओळींची असते. सोळा रेघा म्हणजे बत्तीस ओळी. छप्पन्न तर पूर्ण झाल्या होत्या.

पण माझ्या वहीप्रमाणे सासूबाईंचा वेग निम्म्याहून खाली आला होता. मी काळजीत पडलो. बायकोला म्हणालो, तुझी आई थकली आहे, तिला हळदीचं दूध दे, दुपारी झोपू दे. तिनं दिलं. सासूबाई ते मुकाट्यानं प्यायल्या. मी त्यांना वहीतला आकडा बघून सांगितलं, मामी, अजून सोळा ओळी, मग उतार. त्या क्षणभर थांबल्या. हातातलं काम त्यांनी मांडीवर पसरलं, त्यावरून वीत फिरवली, बोटं टेकवली. मग "बरं" म्हणाल्या आणि विणायला लागल्या. त्या दिवसापासून संध्याकाळी बायको जवळ बसून "हं" ऐकून रेघा मारायची.

तो क्षण मी पाहिला होता. त्याचा अर्थ मला लागला नाही.

पाठवणीला पाच दिवस राहिले तेव्हा सगळे भाग तयार झाले. बायकोनं ते पलंगावर मांडले, शिवायला. उजवा भाग डाव्यावर ठेवला. डावा भाग खाली तीन बोटं लोंबत होता.

मुलगी हसली, मग बाळ झोपलंय म्हणून तोंडावर हात धरला. बायको माझ्याकडं बघत म्हणाली, अहो, तुमच्या कंपनीत असंच मोजतात का? मी टेप आणली. चार सेंटिमीटर आणि थोडं वर. मग वही आणली, रेघा मोजल्या, आणि पाच मिनिटांत मला चूक सापडली. सापडल्यावर कान गरम झाले. सव्वीस वर्षांत मी इतरांच्या किती चुका लाल पेनानं गोल केल्या असतील.

सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे. एका रेघेच्या दोन ओळी असतात हे मी धरलंच नाही.

"हां," त्या म्हणाल्या.

त्या "हां"मध्ये आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला ती वीत आठवली.

"मामी, तुम्हाला कळलं होतं का?"

त्यांनी पदर सारखा केला. "कळलं व्हतं की. वितीला दोन बोटं कमी आसली की उतार. मला तवाच लागलं हाताला."

"मग बोलला का नाहीत?"

"आता जावयाला चुकलात म्हनायचं कसं?"

बायकोनं कपाळाला हात लावला. मुलगी म्हणाली, म्हणजे पप्पांचा मान राहावा म्हणून तू सोळा ओळी फुकट विणल्यास? सासूबाई म्हणाल्या, वर उताराच्या छत्तीस पण. त्या मोजायच्या राहिल्या होत्या.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. या बाईच्या आयुष्यातला हा बहुतेक शेवटचा स्वेटर. तो बिघडतोय हे बोटांना कळत असताना ती बिघडवत राहिली, कारण वही माझ्या हातात होती. मी म्हणालो, मामी, आमच्याकडं नियम आहे. ज्यानं चूक केली त्याच्यापेक्षा, ज्याला दिसली आणि ज्यानं पुढं जाऊ दिली त्याची चूक मोठी. त्यांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग आता माझी मोठी का तुमची?" मी म्हणालो, निम्मी निम्मी. धाग्यासारखी.

उसवायचं ठरलं. वरच्या बावन्न ओळी काढायच्या आणि उताराच्या छत्तीस पुन्हा घालायच्या. बारा बारा धरल्या तर तीन दिवस. बसत होतं. पण उसवल्यावर बत्तीस टाके उघडे पडतात आणि ते परत सुईवर घ्यावे लागतात, त्याला नजर लागते. सासूबाई ते करू शकत नव्हत्या. बायको सुई घेऊन पुढं झाली आणि थांबली. सगळ्यांना तीच गोष्ट आठवली. एक टाका दुसऱ्याचा पडला तर.

मी विचारलं, मामी, उचललेला टाका घातलेला धरायचा का?

त्यांनी बराच विचार केला. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, तरी कुणी उठलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "न्हाई. घातलेला माझाच हाय. खाली पडलेलं उचलून दिलं, एवढंच." मग थोडं थांबून, "आन् उचलायचं जावईबापूंनी. पाडलं कुनी?"

मग मी उसवलं. इथं त्या धाग्याचा एक गुण कळला. लोकर उसवताना अडकते, नंतर कुरळी होते. हा गुळगुळीत धागा सरळ निघत आला. पहिल्या आठवड्यात ज्यानं इतका त्रास दिला तोच आता त्रास देत नव्हता. छप्पन्नाव्या ओळीवर थांबून मी बांबूच्या सुईवर एकेक टाका घेतला. कारखान्यात मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो, इथं एकेका टाक्याला दोनदोनदा सुई घालावी लागत होती. अर्ध्या तासानं मोजले, एकतीस. परत मोजले, एकतीस. सासूबाईंनी काम माझ्या हातातून घेतलं, डावीकडून उजवीकडं अंगठा फिरवला, मधे एका जागी थांबल्या, आणि नखानं तो घसरलेला टाका खालून वर आणला. "बत्तीस," म्हणाल्या.

त्या तीन संध्याकाळी मी रजा टाकून घरी थांबलो. नाहीतरी अर्धे दिवस शिल्लक होते. मी एक अट घातली. माझा आकडा आणि तुमचं बोट जुळलं नाही तर तोंडानं सांगायचं, जावई असो की कुणी असो. त्यांनी मान हलवली. मला खात्री वाटली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी शेवटच्या ओळी चालू होत्या. मधे बाळ रडलं, मी उठून त्याला मुलीकडं दिलं, परत येऊन बसलो. थोड्या वेळानं मी म्हणालो, छत्तीस, मामी, झालं. टाके बंद करा.

सासूबाईंनी कामाच्या खालच्या कडेला बोट नेलं. तिथं पहिल्या दिवशी टाके घालताना सोडलेलं धाग्याचं शेपूट होतं. ते चाचपून त्या तशाच बसल्या. पदर घेतला. पुन्हा खाली ठेवला.

"चुकलात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पस्तीस. सम ओळ झाली की शेपूट उजवीकडं येतं. ते डावीकडंच हाय. पोरगी रडली तवा तुम्ही एक रेघ जादा मारली आसल."

मी कापडावरच्या रेघा मोजल्या. वरची रेघ अर्धीच होती. पस्तीस. मी वहीतली शेवटची रेघ खोडली आणि शेजारी सही केली, कारण खाडाखोड केली की सही करायची असते. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, बघा, अठ्ठावीस वर्षांत मला जे जमलं नाही ते आईनं केलं. हसू दाबताना सासूबाईंचे खांदे हलत होते. मग त्यांनी छत्तिसावी ओळ घातली.

शिवण बायकोनं घातली. शिवण दुसऱ्याची चालते, हे आधीच विचारून घेतलं होतं. अकराही स्वेटर दुसऱ्या कुणीतरीच शिवले होते. धुऊन तारेवर टांगला असता तर ओला होऊन लांबला असता, म्हणून मी तो चादरीवर सपाट पसरून वाळवला आणि वाळल्यावर दोन्ही बाजू मापल्या. दोन मिलिमीटरचा फरक होता. तो मी कुणाला सांगितला नाही. हातानं विणलेल्या कामात तेवढं सोडतात.

पाठवणीच्या सकाळी थंडी चांगली होती. व्याही मंडळी गाडी घेऊन आली. ओटी भरली, बाळाला स्वेटर घातला. पुढची सहा बटणं लागली, खालची कड सरळ आली. मुलीच्या सासूबाईंनी बाळाला घेतलं, स्वेटरवरून हात फिरवला, मऊ आहे म्हणाल्या, आणि विचारलं, कुणी विणला?

माझ्या सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मीही तिथंच उभा होतो आणि त्या उठल्या नव्हत्या.

"मी," त्या म्हणाल्या. "बारावा. जावयांनी मोजला." आणि मग थोडा विचार करून, "दोनदा."